हे पंचवीस रुपये कशाचे? डोमेन घेताना लागणाऱ्या पेमेंट-फीचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेले एक काका आहेत. त्यांच्यासाठी डोमेन घ्यायला, म्हणजे वेबसाइटचं नाव नोंदवायला, मी गेल्या हंगामात त्यांच्या गादीवर बसले होते. पलीकडे पोत्यांची थप्पी, दारात हमालांची ये-जा, आणि हवेत हळदीची बारीक धूळ इतकी की मोबाईलच्या काचेवर बोट फिरवलं तरी पिवळा पट्टा उमटत होता. नाव शोधलं, मोकळं सापडलं. विक्रेत्याच्या साइटवर मोठ्या अक्षरात भाव होता ७९९ रुपये. काकांना पटला. मग पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर हिशेब आला तो असा: नाव ७९९, प्रोसेसिंग फी २५, त्यावर १८ टक्के जीएसटी १४८ रुपये ३२ पैसे, एकूण ९७२ रुपये ३२ पैसे.

काकांनी चष्मा पुढे ओढला. जीएसटीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, तो रोजचाच. बोट ठेवलं ते मधल्या ओळीवर.

"हे पंचवीस कशाचं गं?"

"पेमेंटचे असतात, काका. ऑनलाइन पैसे भरण्याचे."

"पैसं द्यायला पैसं? आणि ते आत्ता सांगतोय व्हय?"

मी सांगली-मिरजेतल्या दुकानदारांना वेबसाइट करून देते, त्यांची डोमेनं घेऊन देते, दरवर्षी नूतनीकरण करते. म्हणजे मी एका हाताने विकत घेणारी आणि दुसऱ्या हाताने विकणारी. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझ्या स्वतःच्या बिलातही 'गेटवे चार्जेस २ टक्के' अशी ओळ असायची. गेटवे म्हणजे गिऱ्हाइकाने ऑनलाइन भरलेले पैसे विक्रेत्यापर्यंत पोचवणारी कंपनी. कोणी विचारलं नाही म्हणून मीही कधी विचार केला नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही, तेव्हा मी तो हिशेब मुळापासून मांडून पाहिला. तोच इथे लिहिते आहे.

पैसा मधल्या वाटेत कुठे कुठे थांबतो

तुम्ही क्रेडिट कार्डाने हजार रुपये भरले की विक्रेत्याच्या खात्यात हजार पोचत नाहीत. भारतात ऑनलाइन कार्ड-पेमेंटचा साधारण दर दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर जीएसटी असा असतो. म्हणजे वीस रुपये आणि वर तीन रुपये साठ पैसे. विक्रेत्याला मिळतात ९७६ रुपये ४० पैसे, तेही एक-दोन दिवसांनी. या कपातीला बँकांच्या भाषेत एमडीआर म्हणतात, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. नावातच मर्चंट आहे. ही कपात व्यापाऱ्याच्या रकमेतून होते, गिऱ्हाइकाच्या नाही, हे त्या नावातून कळतं आणि ते पुढे कामाला येणार आहे.

ते वीस रुपये एकट्या कोणाच्या खिशात जात नाहीत. मोठा वाटा जातो तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला. तिने तुम्हाला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी उधारी दिलेली असते, बुडण्याची जोखीम घेतलेली असते, आणि रिवॉर्ड पॉइंटही ती देते. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखं कार्डाचं जाळं आपला लहानसा भाग घेतं. उरलेलं व्यापाऱ्याची बँक आणि गेटवे कंपनी यांच्यात वाटलं जातं. सौद्यातून शेतकऱ्याच्या हातात येणारी पट्टी आठवा. वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, एकेक कपात, आणि तळाला हाती येणारा आकडा. कार्डाच्या पेमेंटलाही अशीच पट्टी असते, फरक इतकाच की ती गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

पण सगळ्या पेमेंटला ही कपात लागत नाही. डेबिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली आहे. १ जानेवारी २०१८ पासूनच्या नियमानुसार वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्याला जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्याला ०.९० टक्के. आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर एमडीआर शून्य केला गेला. बँकेने किंवा पेमेंट-यंत्रणेने त्यासाठी देणाऱ्याकडून घ्यायचं नाही आणि घेणाऱ्याकडूनही घ्यायचं नाही, असं कायद्यातच घातलं. गेटवे कंपनी तिच्या तांत्रिक सेवेचं भाडं विक्रेत्याकडून वेगळं घेऊ शकते, पण तो त्या दोघांमधला करार. क्रेडिट कार्डाच्या दराला मात्र रिझर्व्ह बँकेने अशी कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर ते क्रेडिट कार्डाचंच पेमेंट धरलं जातं. लहान दुकानदाराला त्यात दोन हजारांपर्यंत सवलत आहे.

आता काकांचं बिल परत बघा. काका पैसे भरत होते ते साध्या बँक खात्यातून, यूपीआयने. त्या व्यवहारावर एमडीआर शून्य. तरी पंचवीस रुपये लावलेले होतेच, आणि त्या पंचवीसवर जीएसटीचे साडेचार रुपये. नावाला पेमेंटची फी, पण पेमेंटच्या खर्चाशी तिचा संबंध नाही. तो भाववाढीचाच तुकडा होता, फक्त भावाच्या पाटीवर लिहिलेला नव्हता.

डोमेनच्या धंद्यात दोन टक्के इतके का टोचतात

विक्रेत्यांची बाजूही मांडायला हवी, कारण मीही त्यांच्यातली आहे, आणि ती बाजू खोटी नाही.

डोमेन आपण विकत घेतो असं म्हणतो, पण ते असतं वर्षाच्या भाड्यासारखं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं आणि मुदत संपली की परत पैसे भरायचे. प्रत्येक शेपटाची, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉम, डॉट इन अशा भागाची, मूळ वही एका संस्थेकडे असते. डॉट कॉमची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे, डॉट इनची आपल्या नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे, म्हणजे निक्सीकडे. देवनागरीत शेवटी 'डॉट भारत' लावून नाव घेता येतं तेही निक्सीचंच, ते २०१४ मध्ये सुरू झालं. आपण ज्यांच्याकडून नाव घेतो ते रजिस्ट्रार. ते घाऊक भावात घेऊन किरकोळीत विकतात, आणि त्यांच्या खाली माझ्यासारखे रिसेलर.

डॉट कॉमचा घाऊक भाव सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर. त्यावर आयकान या जागतिक नियामक संस्थेचे २० सेंट. जुलै २०२५ च्या आधी ते १८ सेंट होते. एकूण १०.४६ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर विक्रेत्याला ते नाव पडतं ९२० रुपयांना. बाजारात चढाओढ इतकी की समजा त्याने ते १,०५० ला विकलं, तर हातात राहतात १३०. गिऱ्हाईक जीएसटी धरून १,२३९ रुपये भरतं, आणि गेटवेचे दोन टक्के या पूर्ण रकमेवर लागतात. म्हणजे २४ रुपये ७८ पैसे. त्यावरचा जीएसटी क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतो असं धरलं तरी एकशेतीस रुपयांतला जवळपास पाचवा हिस्सा पेमेंटच्या वाटेत संपला. त्याच उरलेल्या पैशांतून त्याला माणसं ठेवायची, सर्व्हर चालवायचे, रात्री-अपरात्री येणारे 'साइट बंद पडली' हे फोन घ्यायचे.

गणपती पेठेतल्या कापड दुकानदाराने तीन हजारांची साडी विकली आणि त्यात त्याचे नऊशे सुटत असतील तर दोन टक्के म्हणजे साठ रुपये, नफ्याचा पंधरावा हिस्सा. त्याला ते चालून जातं. डोमेनवाल्याला तितकं सोपं नाही, कारण डोमेनमध्ये मालाचा भाव दुसऱ्याने ठरवलेला आणि नफा कागदासारखा पातळ. म्हणून तो पहिल्या वर्षाला स्वस्त नाव दाखवून नूतनीकरणाला वसूल करतो, सोबत ईमेल आणि होस्टिंग गळ्यात मारतो, किंवा शेवटच्या पानावर पंचवीस रुपये लावतो.

परदेशी विक्रेत्यांकडे आणखी एक भानगड असते. तिकडे टक्क्यांबरोबर दर व्यवहाराला ठरावीक रक्कमही कापली जाते. अमेरिकेत ऑनलाइन कार्ड-पेमेंटचा छापील दर पुष्कळ ठिकाणी २.९ टक्के अधिक ३० सेंट असा दिसतो. बारा डॉलरच्या डोमेनवर हे होतात जवळपास ६५ सेंट, म्हणजे ५.४ टक्के! तेच नाव दहा वर्षांसाठी एकदम घेतलं आणि १२० डॉलर भरले तर कपात ३.७८ डॉलर, साधारण सव्वातीन टक्क्यांच्या आत. नाव कायमचं हवं आहे याची खात्री असेल तर तीन किंवा पाच वर्षांसाठी एकदम नोंदवा असं मी गिऱ्हाइकांना सांगते त्याचं हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. परदेशी साइटवर कार्ड ठेवून आपोआप नूतनीकरण लावलं, तरी रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला आधी द्यायच्या परवानगीच्या, नियमांमुळे ते पेमेंट अडकू शकतं. मुदत टळलेलं डॉट कॉम परत मिळवायला तीस दिवसांचा शेवटचा काळ मिळतो, पण त्याची फी मूळ भावाच्या कितीतरी पट असते. वीस-तीस रुपयांची फी वाचवायच्या नादात धंद्याचं नाव हातचं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग द्यायचे कोणी

हा प्रश्न सांगलीला नवा नाही. आडत कोणी द्यायची यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. मी काकांना म्हटलं, हे तसंच आहे. ते लगेच म्हणाले, "कागदावर कुणाच्या नावाला लावतो ते सोड. खरेदीदारानं आडत द्यायची म्हटलं की तो बोली तेवढी खाली लावतो. शेतकऱ्यानं द्यायची म्हटलं की तो भाव तेवढा चढा मागतो."

अर्थशास्त्रात हेच जरा जड शब्दांत शिकवतात. खर्च कोणाच्या नावावर लिहिला आणि तो शेवटी कोणाच्या खिशातून गेला या दोन वेगळ्या गोष्टी. विक्रेता म्हणाला "पेमेंट-फी आमच्याकडून" तरी तो ती भावात मिसळणारच. तिचा खर्च गिऱ्हाईकच भरणार, एकतर उघड किंवा भावातून.

तरीही कोणाच्या नावावर लिहायची याला अर्थ आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे: नेहमीच्या पेमेंटची फी विक्रेत्याने आपल्या भावात धरावी आणि जो भाव पहिल्या पानावर दाखवला तोच शेवटच्या पानावर मागावा. जीएसटी वेगळा दाखवायचा असेल तर तोही पहिल्याच पानावर सांगावा. याचं कारण असं की गेटवे निवडतो विक्रेता. दर कमी करून घ्यायला त्याच्याशी घासाघीस करतो विक्रेता. यूपीआय ठेवायचं की नाही, कार्ड घ्यायचं की नाही, हे ठरवतो विक्रेता. गिऱ्हाइकाला त्या वाटाघाटीत जागाच नाही. खर्च गिऱ्हाइकावर टाकायची मोकळीक मिळाली की विक्रेत्याला स्वस्त गेटवे शोधायची गरज उरत नाही. फी त्याच्या नफ्यातून गेली तर मात्र तो दर वर्षी गेटवेवाल्याला फोन लावतो. मी तसंच केलं. 'गेटवे चार्जेस' ही ओळ बिलातून काढली त्या महिन्यात मी पहिल्यांदा माझ्या गेटवेच्या दरपत्रकाचं बारीक वाचन केलं आणि बहुतेक गिऱ्हाइकांना यूपीआयचा क्यूआर पाठवायला लागले.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला अजून सतावतो. फी सगळ्यांच्या भावात मिसळली की यूपीआयने भरणारा माणूस कार्डाने भरणाऱ्याचा खर्च उचलतो. काकांच्या रुपयातून कुणा दुसऱ्याचे रिवॉर्ड पॉइंट भरले जातात. साधं बँक खातं असलेल्याने क्रेडिट कार्ड असलेल्याला मदत करायची, हे उलटं झालं. यावर मला सुचलेला मार्ग म्हणजे भाव एकच ठेवायचा आणि यूपीआयने भरणाऱ्याला सूट द्यायची. हिशेब तोच होतो, पण गिऱ्हाइकाने पहिल्यांदा पाहिलेला आकडा वर जात नाही, गेला तर खालीच येतो. शेवटच्या पानावर भाव उतरला म्हणून फसवलं गेल्याची भावना कोणाला होत नाही.

जगात या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली गेली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटाच बांधून टाकला, डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के. मग १३ जानेवारी २०१८ पासून अशा कार्डांवर गिऱ्हाइकाकडून जादा आकार घ्यायला बंदी केली. आधी खर्च कमी केला, मग विक्रेत्याला म्हणाले आता तू सोस. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये उलटी वाट धरली. तिथे व्यापाऱ्यांना जादा आकार लावायची मोकळीक दिली, आणि पुढे तो प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नको असं बंधन घातलं.

आपल्याकडे डेबिट कार्डापुरतं उत्तर स्पष्ट आहे. २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की व्यापाऱ्याने डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकाकडून वसूल करता कामा नये, याची खात्री तुम्ही करायची. आणि शेवटच्या पानावर फी उगवण्याबद्दल वेगळा नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढली. त्यात 'ड्रिप प्रायसिंग' आहे. भाव थेंबाथेंबाने उघड करणे, म्हणजे आधी कमी दाखवून खरेदी पूर्ण होताना वाढवणे. 'बास्केट स्नीकिंग'ही आहे, म्हणजे न विचारता टोपलीत वस्तू टाकणे. डोमेन घेताना ही दुसरी युक्ती फार आढळते. न मागितलेलं ईमेल, आधीच टिक करून ठेवलेली जादा सेवा. पैसे भरण्याआधी टोपली एकदा उघडून प्रत्येक ओळ वाचा, एवढं तरी कराच.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र एक कायद्याची बारकाई लक्षात असू द्या. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली बसते. घरगुती मसाले विकणाऱ्या ताईंची बाजू तिथे भक्कम, मोठ्या पेढीची तितकी नाही. मोठ्या पेढीने आपला जीएसटी क्रमांक बिलावर घालून घ्यायला विसरू नये, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट तरी मिळतं.

सगळीच वेगळी दाखवलेली फी मला चुकीची वाटत नाही. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट ऑनलाइन काढलं की आयआरसीटीसी सुविधा शुल्क घेते, यूपीआयने भरलं तर बिगर-एसीला दहा आणि एसीला वीस रुपये, इतर मार्गाने पंधरा आणि तीस, वर जीएसटी. तिकीट हजाराचं असो की तीन हजारांचं, रक्कम तीच. म्हणजे ती सरळसरळ सेवेची किंमत आहे. ज्याला नको त्याला स्टेशनवर खिडकी उघडी आहे. डोमेनला खिडकी नसते. ते ऑनलाइनच विकलं जातं, त्यामुळे तिथे 'ऑनलाइन भरण्याची सुविधा' ही वेगळी सेवा म्हणून विकणं मला पटत नाही.

जिथे उत्तर बदलतं

परदेशी साइटवर आपल्या कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की आपली बँक चलन-बदलाचं मार्कअप लावते. अनेक क्रेडिट कार्डांवर ते साडेतीन टक्के असतं, वर त्यावर जीएसटी. बारा डॉलरच्या, म्हणजे १,०५६ रुपयांच्या नावावर हे झाले जवळपास ४४ रुपये. ही फी विक्रेत्याला दिसतही नाही. ती आपण आणि आपली बँक यांच्यातली आहे, कार्डही आपण निवडलं आणि परदेशी दुकानही. म्हणून ती आपणच द्यायची, आणि भाव तुलना करताना आधीच धरायची. कधी साइट विचारते, "रुपयांत भरायचं का?" ते आपुलकीचं वाटतं, पण त्यात बदलाचा दर त्यांच्या बाजूने लावलेला असतो आणि पुष्कळदा तो महाग पडतो.

दुसरी जागा म्हणजे कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं नाव त्याच्याकडून विकत घेणं. समजा मिरजेतल्या सतार बनवणाऱ्या एखाद्या घराण्याला आपल्या नावाचं डॉट कॉम हवं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे आता असं नाव हवंसं वाटणं साहजिक आहे. पण ते नाव दूर देशातल्या एका माणसाकडे आहे आणि तो सहाशे डॉलर मागतो. आधी पैसे पाठवले आणि त्याने नाव दिलंच नाही तर? त्याने आधी नाव दिलं आणि आपण पैसे दिले नाहीत तर? यासाठी एस्क्रो असतो. तिऱ्हाईत संस्था पैसे धरून ठेवते, नाव आपल्या खात्यात आलं असं आपण कळवलं की ती पैसे सोडते. एस्क्रो डॉट कॉम ही त्यातली जुनी कंपनी, १९९९ पासूनची, आणि तिथे सौदा मांडतानाच निवडायचं असतं की फी घेणाऱ्याची, विकणाऱ्याची, की निम्मी-निम्मी.

इथे मी निम्मी-निम्मीच म्हणते. नेहमीच्या दुकानात विक्रेता रोज हजार नावं विकतो आणि फी त्याच्या धंद्याचा खर्च असते. इथे दोघंही एकदाच भेटणारे अनोळखी लोक आहेत आणि राखण दोघांनाही मिळते आहे. मात्र भाव ठरवतानाच हे बोलून घ्यावं. सहाशेवर हात मिळवल्यानंतर फीचा विषय काढला की सौदा तिथेच कडू होतो.

अशा सौद्यात बँकेतून परदेशी पैसे पाठवले तर फॉर्मवर एक रकाना असतो, तिथे नीट बघा. आंतरराष्ट्रीय बँकिंगमध्ये 'फी कोणाची' या प्रश्नाची तीन तयार उत्तरं ठरलेली आहेत. 'अवर' म्हणजे सगळे आकार पाठवणाऱ्याचे, 'शेअर्ड' म्हणजे आपल्या बँकेचे आपण आणि पुढचे त्याचे, 'बेन' म्हणजे सगळे घेणाऱ्याचे. शेअर्ड लिहून सहाशे डॉलर पाठवले आणि मधल्या एखाद्या बँकेने आपला वाटा कापला, तर समोरच्याला सहाशे पोचत नाहीत आणि तो नाव अडवून धरतो. पूर्ण रक्कम पोचायलाच हवी असेल तर अवर लिहायचं आणि तो खर्च आपल्या भावात आधी धरायचा.

परताव्याचंही सांगते. डॉट कॉम नोंदवल्यापासून पाच दिवसांच्या आत रद्द केलं तर वही ठेवणारी संस्था रजिस्ट्रारला पैसे परत करते, म्हणून बरेच विक्रेतेही तेवढ्यात परतावा देतात. पण गेटवेने कापलेली फी सहसा परत येत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने स्पेलिंग स्वतः लिहून पाठवलं, त्यात 'डी' हे अक्षर एक जास्त पडलं होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी नावाचे पूर्ण पैसे परत केले आणि फीचे रुपये कापले, पण असं होईल हे मी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते मला बोलले आणि त्यांचं बरोबर होतं. आता कोटेशनमध्ये लिहिते: चूक माझी असेल तर पूर्ण परत, तुमची असेल तर गेटवेची कपात वजा करून. आणि नोंदवण्याआधी स्पेलिंग व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवून "हेच ना?" असं विचारून घेते.

काकांनी त्या दिवशी ते पंचवीस भरले नाहीत. दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तेच नाव ८१९ ला होतं, वर जीएसटी, आणि शेवटच्या पानापर्यंत तेवढंच राहिलं. एकूण झाले ९६६ रुपये ४२ पैसे. सहा रुपये कमी, पण काकांना समाधान सहा रुपयांचं नव्हतं.

आता त्यांच्या साइटवर हळद पावडर विकायला ठेवायची आहे, तेव्हा काका स्वतः विक्रेत्याच्या जागी आले. परवा पाकिटाचा भाव ठरवत होतो, २४० रुपये. कार्डाने कोणी घेतलं तर गेटवे साधारण पाच रुपये साठ पैसे कापणार, यूपीआयने घेतलं तर बहुधा काहीच नाही. मी म्हटलं, दोन टक्के वेगळे दाखवायचे का? त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला थोडा वेळ आकडे मांडले. मग म्हणाले, "दोनशे पंचेचाळीस लाव. यूपीआयवाल्याला दोनशे चाळीस. आणि हे दोन्ही आकडे पाकिटाच्या फोटोखालीच लिही, आत कुठं न्हाई." कुरियरचं काय करायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही. अर्ध्या किलोला विट्याला जायचा आकार वेगळा आणि नागपूरला वेगळा, आणि तो भावात मिसळायला काका तयार नाहीत.